मालदीवमध्ये पहिल्यांदा पाण्याखाली उतरणाऱ्यांसाठी

मालदीवला डायव्हिंगसाठी कधी जावं, हे सगळेच विचारतात. त्याच्या जोडीला अटॉलची, म्हणजे प्रवाळाच्या कड्यासारख्या बेटसमूहाची, कोणती बाजू हेही विचारात घ्या. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, साधारण मे ते नोव्हेंबर, प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, अटॉलच्या पूर्वेला जमतं आणि ते खायला मांटा रे हे मोठे चपटे मासे तिकडे येतात. ईशान्य वारे सुरू झाले की ते मासे पश्चिमेकडे वळतात. बा अटॉलमधलं हनिफारू पूर्व कडेलाच आहे. तिथे मात्र टाकी लावून उतरायला बंदी आहे, फक्त स्नॉर्केलिंग करता येतं. मला हा नियम अगदी योग्य वाटतो.

ओपन वॉटर हा डायव्हिंगचा पहिला कोर्स झाला की १८ मीटरपर्यंत जाता येतं. लगेच कंडूत, म्हणजे दोन प्रवाळरांगांमधल्या खाडीत, उतरायचा हट्ट धरू नका. तिथला प्रवाह नवख्याला झेपत नाही. आधी बेटालगतच्या शांत रीफवर, म्हणजे प्रवाळरांगेवर, बॉयन्सी (पाण्यात वर-खाली न होता तरंगणं) पक्की करा. श्वास घेतला की शरीर किंचित वर येतं, सोडला की खाली जातं. एवढ्यावर एका जागी तरंगता आलं पाहिजे, हात न मारता. १९९८ आणि २०१६ मध्ये पाणी तापून इथलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं, मेलं. आज दिसणाऱ्या कितीतरी फांद्या त्यानंतर वाढल्या आहेत. पायातल्या फिनचा एक फटका त्या मोडायला पुरेसा असतो.

शिवाय स्थिर राहता आलं तरच खरी गंमत दिसते. एखाद्या प्रवाळखडकाजवळ ग्रूपर हा मोठा मासा कल्ले पसरून, जबडा उघडून थांबलेला असतो आणि बोटाएवढा, निळा-काळा क्लीनर रास मासा थेट त्याच्या तोंडात शिरून परजीवी टिपत असतो. ग्रूपरने अंग झटकलं की तो बाहेर येतो. हुबेहूब क्लीनर राससारखा दिसणारा एक ब्लेनी मासाही असतो. तो सफाईच्या बहाण्याने जवळ येतो आणि कल्ल्याचा किंवा पराचा लचका तोडून पळतो! शार्कच्या मागे धावणाऱ्यांना यातलं काहीच दिसत नाही. शार्क तसेही भेटतात, २०१० मध्ये त्यांच्या मासेमारीवर देशभर बंदी आली होती.

सर्दी असेल तर त्या दिवशी उतरू नका, कानांवरचा दाब मोकळा होत नाही. आणि परतीचं विमान ठरवताना शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास मोकळे ठेवा.