क्यूजीआयएसमधला स्टेमनचा बेसमॅप गायब झालाय? लेयर उडवू नका, पत्ता बदला

क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये जुना प्रोजेक्ट उघडला, बाकी सगळे लेयर (नकाशाचे थर) नीट आले पण मागे बेसमॅप म्हणून स्टेमनच्या टोनर किंवा टेरेन स्टाइलचा नकाशा असायचा तिथे नुसतं पांढरं, असं होत असेल तर नेट रीस्टार्ट करत बसू नका. स्टेमन डिझाइन कंपनीच्या या टाइल्स (नकाशाचे छोटे चौकोनी तुकडे) आता स्टेडिया मॅप्स या कंपनीकडे गेल्यात आणि जुने वेब-पत्ते 31 ऑक्टोबर 2023 पर्यंतच चालले. स्टाइल्स त्याच आहेत, फक्त घर बदललंय आणि नव्या घरी एपीआय की (आपल्या अकाउंटचा ओळख-कोड) दाखवावी लागते.

तर आधी स्टेडियाच्या साइटवर अकाउंट काढा, की तयार करा. अभ्यास, हौस, ना-नफा कामासाठी फुकट प्लॅन आहे, पण क्लायंटचं काम असेल तर पैसे भरायचा प्लॅन घ्यावा लागतो, तिथे उगाच चलाखी नको. त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये प्रत्येक स्टाइलचा रास्टर (चित्राच्या रूपातल्या) टाइलचा पत्ता दिलेला असतो, तो कॉपी करा आणि शेवटी आपली की जोडा. टोनर-टेरेन पीएनजी आहेत, वॉटरकलर मात्र जेपीजी, त्यामुळे एकाच पत्त्यात नुसतं स्टाइलचं नाव बदलून भागत नाही.

मग क्यूजीआयएसमध्ये ब्राउझर पॅनल, एक्सवायझेड टाइल्सवर राइट क्लिक, न्यू कनेक्शन, नाव द्या, पत्ता टाका. महिरपी कंसातले झेड, एक्स, वाय जसेच्या तसे राहू द्या, तिथे आकडे भरायचे नसतात.

आता बरेच जण जुना लेयर डिलीट करून नवा ओढतात, ते करू नका. डिलीट केलात की त्याची ट्रान्सपरन्सी, मॅप थीममधली जागा, प्रिंट लेआउटमध्ये लॉक केलेले लेयर, सगळं परत जुळवत बसावं लागतं. त्यापेक्षा जुन्या लेयरवर राइट क्लिक करून चेंज डेटा सोर्स घ्या आणि नवीन कनेक्शन निवडा, बाकी सेटिंग जागच्या जागी राहतात.

एकाच प्रोजेक्टमध्ये असे खूप लेयर असतील तर बॅकअप घेऊन प्रोजेक्ट क्यूजीएस फॉरमॅटमध्ये सेव्ह करा (क्यूजीझेड म्हणजे झिप असते, ती थेट टेक्स्ट एडिटरमध्ये वाचता येत नाही). एक लेयर वरच्या पद्धतीने दुरुस्त करा, सेव्ह करा, मग फाइल एडिटरमध्ये उघडून त्या लेयरचा पत्ता जसा दिसतोय तसाच उचलून बाकीच्या ठिकाणी फाइंड-रिप्लेस करा. हाताने टाइप करू नका कारण आत महिरपी कंस टक्क्याच्या चिन्हाच्या कोडमध्ये लिहिलेले असतात आणि तिथेच गडबड होते.

आणि हो, की आता प्रोजेक्ट फाइलमध्येच पडून आहे. फाइल कुणाला पाठवायची किंवा गिटवर टाकायची असेल तर आधी ती काढा, नाहीतर तुमचा कोटा दुसरेच संपवतील.

छापायच्या नकाशावर क्रेडिटची ओळ पण बदला. जुन्या ओळीत स्टेमन आणि ओपनस्ट्रीटमॅप असतील, आता स्टेडिया मॅप्स आणि ओपनमॅपटाइल्स हीपण नावं लागतात.