लहान एटीव्हीचा टायमिंग चेन टेन्शनर कसा बदलावा

सकाळी एटीव्हीचं, म्हणजे खडबडीत वाटांवर चालणाऱ्या चारचाकी दुचाकीसारख्या गाडीचं, थंड इंजिन सुरू केलं की सिलेंडरच्या बाजूनं खळखळ येते, डब्यात चार खिळे टाकून हलवावेत तशी. इंजिन तापलं की ती दबते, थ्रॉटल सोडला की पुन्हा डोकं वर काढते. असं झालं की माझा पहिला संशय टायमिंग चेनच्या टेन्शनरवर जातो. भाग जेमतेम अंगठ्याएवढा, दोन बोल्टांवर बसणारा. पण तो काढून बसवताना हलगर्जी झाली तर व्हॉल्व्ह (सिलेंडरच्या झडपा) वाकतात आणि हेड, म्हणजे सिलेंडरचा वरचा भाग, उतरवायची वेळ येते.

टायमिंग चेन क्रँकची, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या शाफ्टची, गती कॅमला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टला देते. इंजिन फिरताना चेनची एक बाजू ताणलेली आणि दुसरी सैल असते. सैल बाजूला एक लवचिक पट्टी असते आणि टेन्शनरचा दांडा त्या पट्टीला मागून दाबून धरतो. चेन झिजून लांबली की दांडा आपोआप थोडा पुढे सरकतो आणि आतली खाच किंवा पेच त्याला मागे येऊ देत नाही. स्प्रिंग दमली किंवा दांडा अडकला की चेन फडफडते. ती एक दात जरी उडाली तरी किती बिघडतं, ते बघा. समजा कॅमच्या चक्राला 34 दात आहेत. एक दात म्हणजे कॅमचे साडेदहा अंश, आणि क्रँकच्या हिशेबात त्याच्या दुप्पट, सुमारे 21 अंश. इतक्या फरकानं इंजिन नीट चालणारच नाही. आणखी एखादा दात उडाला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळू शकतात.

पाना हातात घेण्याआधी आवाजाची खात्री करा. ऑइलची पातळी बघा आणि टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) फट मोजा. टॅपेट एकसारखी टिकटिक करतात, चेनचा आवाज विस्कळीत असतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक सिलेंडरच्या चेन असलेल्या बाजूला टेकवून मूठ कानाशी धरली की फरक चांगला कळतो. फक्त फिरत्या भागांपासून केस आणि बाही लांब ठेवा.

बहुतेक उभ्या सिलेंडरच्या एटीव्हीत टेन्शनर सिलेंडरच्या मागच्या अंगाला असतो. आडव्या सिलेंडरच्या छोट्या इंजिनांपैकी अनेकांत मात्र दांडा आणि स्प्रिंग इंजिनच्या खालच्या बाजूला एका मोठ्या बोल्टमागे असतात आणि तो बोल्ट काढला की ऑइलही बाहेर येतं. पुढची कृती मागच्या अंगाच्या टेन्शनरची आहे.

इंजिन पूर्ण गार असू द्या. टेन्शनरभोवतीची माती ब्रशनं झाडून पुसून घ्या, कारण भोक उघडल्यावर ती थेट आत पडते. स्पार्क प्लग काढा, म्हणजे इंजिन हातानं सहज फिरेल. आता मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकावरच्या जड चक्राच्या) बाजूची झाकणं उघडून क्रँक त्याच्या नेहमीच्या दिशेनं सावकाश फिरवा आणि पिस्टन वरच्या टोकाला असल्याचं दाखवणारी ‘टी’ची खूण खाचेसमोर आणा. चार स्ट्रोकच्या इंजिनात ही खूण दोनदा जुळते, त्यामुळे दोन्ही टॅपेट हातानं हलवून बघा. दोन्हींत फट जाणवली तर पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आहे. नसेल तर आणखी एक पूर्ण फेरा द्या. या जागी दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला ढकलत नाहीत, म्हणून चेन सैल पडली तरी कॅम आपणहून फिरत नाही. खूण थोडी पुढे गेली तर मागे फिरवू नका, दोन पूर्ण फेरे देऊन पुन्हा जुळवा.

टेन्शनरच्या मागच्या टोकाचा मधला बोल्ट आधी काढा. पुष्कळ टेन्शनरांत त्याच्यामागे दाबलेली स्प्रिंग असते, ती अंगठ्यानं धरूनच बोल्ट सोडवा. मग बाजूचे दोन बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे ढिले करा. टेन्शनर बाहेर आला की तो परत बसेपर्यंत क्रँकला, किकला, स्टार्टरच्या बटणाला हात लावायचा नाही. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि गाडीही ढकलू नका. मी एकदा ‘खूण नीट दिसत नाही’ म्हणून टेन्शनर बाहेर असताना क्रँक जरासा फिरवला होता. चेन एका दातानं सरकली. बसवून झाल्यावर खुणा तपासल्या म्हणून ते लक्षात आलं, नाहीतर मी तसंच स्टार्टर दाबलं असतं.

जुना टेन्शनर लगेच फेकू नका, दांडा किती बाहेर आला होता ते बघा. तो जवळजवळ शेवटच्या खाचेपर्यंत पोचला असेल तर चेनच लांबली आहे किंवा पट्टी झिजली आहे. अशा वेळी नवा टेन्शनर महिनाभर आवाज दाबेल, दुखणं तिथंच राहील. चेन आणि पट्ट्या बदला.

जुन्या गॅस्केटचे तुकडे प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडून काढा, लोखंडी पात्यानं ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात. खरवडताना भोकात स्वच्छ कापड धरा आणि नंतर ते आठवणीनं काढा. नव्या टेन्शनरचा दांडा पूर्ण आत दाबून घ्या. खाचेच्या प्रकारात छोटी कळ दाबून दांडा आत जातो. पेचाच्या प्रकारात मागच्या भोकातून बारीक स्क्रूड्रायव्हर घालून सहसा घड्याळाच्या दिशेनं फिरवावं लागतं. दांडा बाहेर असताना टेन्शनर बोल्टांनी ओढून बसवला तर चेन भयंकर ताणली जाते, पट्टीही मोडू शकते. नवं गॅस्केट लावा आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीनं कसा. 6 मिलिमीटरच्या बोल्टला साधारण 10 न्यूटन-मीटर पुरतात. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो पाळा. मग स्प्रिंग आणि मधला बोल्ट बसवा. खाचेच्या टेन्शनरात दांडा पुढे जाताना ‘टक-टक’ ऐकू येतं. पेचाच्या टेन्शनरात स्क्रूड्रायव्हर सोडताच दांडा सुटतो, तिथं मधला बोल्ट त्यानंतरच लावा.

आता क्रँक नेहमीच्या दिशेनं हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा. मॅग्नेटवरची खूण आणि कॅमच्या चक्रावरची खूण दोन्ही जुळल्या पाहिजेत. कुठं अडखळलं तर जोर लावू नका, काय चुकलं ते शोधा. सगळं जुळल्यावरच प्लग लावून इंजिन सुरू करा.

बरेच जण याच वेळी हातानं घट्ट करायचा टेन्शनर बसवतात. त्यात स्प्रिंग नसते, एक लांब बोल्ट आणि लॉक नट असतो. तो दमत नाही, मागे सरकत नाही, म्हणून जोरात चालवणाऱ्यांना आवडतो. पण चेन झिजेल तसं लक्ष तुम्हालाच द्यावं लागतं. गाडी महिनोन्महिने उभी राहत असेल किंवा घरातली मुलं ती चालवत असतील, तर कंपनीसारखा स्वयंचलितच घ्या, असं मी आग्रहानं सांगेन.

तरीही हातानं घट्ट करायचाच बसवायचा असेल तर बोल्ट नुसत्या बोटांनी पट्टीला टेकेपर्यंत आत घ्या, नट आवळा आणि हातानं दोन फेरे फिरवून खुणा बघा. इंजिन तापू द्या. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणजे गरम इंजिनात सिलेंडर वाढतो आणि चेन अधिक ताणली जाते. थंड असताना घट्ट केलेली चेन म्हणूनच गरम झाल्यावर ‘हूंऽऽ’ असा सूर काढते आणि पट्टी खाते. आयडलवर बोल्ट अगदी किंचित मागे घ्या, खळखळ कानावर येताच ती थांबेपर्यंत पुढे न्या आणि तिथंच थांबा. नट आवळताना दुसऱ्या पान्यानं बोल्ट धरून ठेवा, नाहीतर तोही सोबत फिरतो.

पहिल्या फेरीनंतर इंजिन गार झालं की टेन्शनरच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा. ऑइलचा थेंब लागला तर आधी बोल्टांचा कस तपासा. तो बरोबर असेल तर गॅस्केट बहुधा नीट बसलेलं नाही. ते पुन्हा उघडायचं असेल, तर सुरुवात ‘टी’च्या खुणेपासूनच करा.