लहान शिडाच्या बोटीतून पनामा कालवा कसा पार करावा

कालव्याच्या अटलांटिककडच्या टोकाला असलेल्या कोलोन बंदरात पोहोचल्यावर बोटीची मोजणी करून घ्यावी, शुल्क भरावे आणि तारीख मिळवावी. यात अवघड काही नाही. 38 मीटर लांब आणि 22 मिलिमीटर जाड असे चार दोर, धक्क्यापासून बोट वाचवणारे टायरचे भरपूर फेंडर आणि सुकाणूवरील माणसाखेरीज दोर सांभाळणारी चार माणसे लागतात. वाट दाखवायला बोटीवर येणाऱ्या कालव्याच्या सल्लागारासाठी बोटीवर गरम जेवण आणि सीलबंद पाणी ठेवावे. सारा प्रवास इंजिनावरच होतो.

खरी कसोटी गाटूनच्या तीन लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वरखाली नेणाऱ्या दरवाजाबंद हौदांत, लागते. येथे बोट समुद्रसपाटीपासून तीन टप्प्यांत 26 मीटर वर चढते. बोट मोठ्या जहाजाच्या मागे, 33.5 मीटर रुंद हौदाच्या मधोमध उभी असते आणि तळातील भोकांतून आत येणारे पाणी तिला कधी डावीकडे, कधी उजवीकडे ढकलत राहते. भिंतींवरचे कामगार वजनदार गाठीच्या बारीक दोऱ्या फेकतात. त्या गाठींपासून सौर पॅनेल वाचवण्यासाठी पॅनेलांवर आधीच गाद्या टाकून ठेवाव्यात. आपल्या दोराच्या टोकाला सुमारे एक मीटरचा फासा करून तो त्या दोरीला बांधावा म्हणजे कामगार तो वर ओढून घेतात.

यापुढे मात्र 'दोर सैल सोडा, बोट आपोआप वर येते' हा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नये. माझ्या पहिल्या खेपेला उजवीकडचा मागचा दोर माझ्याकडे होता आणि मी क्षणभर वर दरवाज्याकडे पाहत राहिलो. तेवढ्यात दोराला झोळ पडला, बोटीची मागची बाजू डावीकडे सरकली आणि शेवाळलेली, ओली काँक्रीटची भिंत हाताच्या अंतरावर आली. समोरच्या माणसाने आपला दोर सोडला आणि मी माझा खेचला, म्हणूनच बोट वाचली. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: दोराचा एक वेढा सतत क्लीटवर, म्हणजे दोर अडकवायच्या बोटीवरील खुंटीवर, असावा, पाणी वर येईल तसतसा झोळ लगेच ओढून घ्यावा आणि गाठ कधीही मारू नये, कारण ताण आल्यावर ती सुटत नाही. नुसत्या हाताने दोर धरणाऱ्याचे तळवे सोलून निघतात. पुढचे जहाज निघताना त्याच्या पंख्याने ढकललेल्या पाण्याचा लोट येतो. तो ओसरून सल्लागार सांगेपर्यंत एकही दोर सोडू नये.

रात्री गाटून तलावात बोट बोयाला (तरंगत्या पिंपाला) बांधावी. पाण्यात मगरी असल्याने पोहू नये. दुसऱ्या दिवशी कुलेब्रा कट हा डोंगर कापून केलेला भाग ओलांडून पॅसिफिककडचे पेद्रो मिगेल आणि मिराफ्लोरेस हे लॉक उतरणे तुलनेने सोपे आहे, कारण आता बोट जहाजाच्या पुढे असते आणि दोर फक्त हळूहळू सोडायचे असतात. मात्र मिराफ्लोरेसच्या शेवटच्या हौदात पाणी मागून ढकलते, म्हणून तेथे शिरताना मागचे दोन दोर आधी लावून घ्यावेत.