मुलींच्या जुन्या शाळेचं ध्येयवाक्य कसं वाचायचं

मूल्यांची यादी आधी सोडून द्या. आत्मविश्वास, करुणा वगैरे सगळ्याच शाळा छापतात. मी थेट स्थापनेच्या कारणाकडे वळते. उदाहरणार्थ, लंडनमध्ये फ्रान्सिस मेरी बस यांनी १८५० मध्ये मुलींची शाळा काढली. १८६३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या शालेय परीक्षेला मुलींना प्रायोगिक म्हणून बसू दिलं, तेव्हा त्यांनी आपल्या विद्यार्थिनी पाठवल्या. धाडस म्हणतात ते हे!

मग आजचं वेळापत्रक मागा. प्रयोगशाळेचे तास आठवड्याला किती? फी माफ किती जणींना? मुख्याध्यापिका उत्तराऐवजी माहितीपत्रक पुढे सरकवू लागल्या, की मी वहीत फुली मारते. आणि हो, मधल्या सुट्टीत जा. मुली शिक्षिकेशी बिनधास्त वाद घालतात का, कान देऊन ऐका.