सा पाला जायचंय? आधी धुक्याचा हिशेब मांडा

व्हिएतनामच्या उत्तरेला, चीनच्या सीमेलगत, होआंग लिएन पर्वतरांगेच्या उतारावर साधारण १,५०० मीटर उंचीवर सा पा हे शहर आहे. बरेच जण एका दिवसासाठी येतात, पांढऱ्या धुक्यापलीकडे काहीच न दिसल्याने हिरमुसतात आणि परततात. पण धुकं हा इथला नेहमीचा कारभार आहे. मुओंग होआ दरीतली दमट हवा वर चढताना थंड होते आणि नेमका शहराच्या उंचीवर तिचा ढग होतो. शहर धुक्यात बुडालेलं असताना काही शे मीटर खाली असलेल्या ता वान गावात भातखाचरं स्वच्छ दिसत असतात, असं पुष्कळदा होतं. म्हणून किमान दोन रात्री काढा आणि त्यातली एक खालच्या गावात.

महिना ठरवा

इथे भाताचं पीक वर्षातून एकदाच येतं. मे-जूनमध्ये खाचरांत पाणी भरून लावणी होते, तेव्हा डोंगरउतार आरशासारखे चमकतात. सप्टेंबरमध्ये भात पिवळा पडतो आणि कापणी सुरू होते. जुलै-ऑगस्टला पाऊस जोरदार असतो. वादळांचा काळ सप्टेंबरातही संपत नाही. २०२४ च्या सप्टेंबरात यागी वादळानंतर लाओ काय प्रांतात भीषण दरडी कोसळल्या होत्या, त्यामुळे निघण्याआधी हवामानाचा इशारा पाहाच. डिसेंबर ते फेब्रुवारी कडाक्याची थंडी असते, कधी दहिवर गोठतं, एखाद्या वर्षी बर्फही पडतो. खोली ठरवताना हीटर किंवा गरम होणारी गादी आहे का, हे विचारून घ्या.

पोहोचायचं कसं

भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा लागतो. एका प्रवेशासाठी शुल्क २५ डॉलर. नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने भरा. विमानतळावर माणसं अडकतात ती बहुधा इथेच.

सा पाला रेल्वे स्टेशन नाही. हनोईहून रात्री दहाच्या सुमारास सुटणारी गाडी पहाटे सहाच्या आसपास लाओ काय शहरात पोहोचते. तिथून पुढे ३५-४० किलोमीटरचा घाट, बस किंवा व्हॅनने तासाभराचा. हनोईहून थेट स्लीपर बस पाच-सहा तासांत पोहोचवते. बसमध्ये चढतानाच बूट काढावे लागतात, त्यासाठी दारात प्लॅस्टिकची पिशवी हातात देतात. वळणांवर मळमळ होत असेल तर खालचा, पुढचा बर्थ मागा.

दुचाकी भाड्याने घ्यायचा मोह आवरा. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या रस्ते वाहतूक कराराखालचा असतो आणि व्हिएतनाम १९६८ चा करार मानतो, म्हणजे तो तिथे चालत नाही. अपघात झालाच तर विमा कंपनी हात वर करू शकते.

पायवाट

पहिल्यांदा चालणाऱ्यांसाठी यी लिन्ह हो – लाओ चाय – ता वान ही वाट उत्तम. अंतर १०-१२ किलोमीटर, वेळ जेवणासकट पाच तास धरा. पावसानंतर इथली चिकणमाती साबणासारखी निसरडी होते. शहरात गमबूट भाड्याने मिळतात, ते घ्या. गुळगुळीत तळव्याच्या बुटांनी माणूस पहिल्याच उतारावर बसतो. मोठी बॅग हॉटेलात ठेवा आणि एका रात्रीपुरतं सामान पाठीवर घ्या.

लाओ चाय ‘काळे ह्मोंग’ या जमातीचं गाव, तर ता वानमध्ये प्रामुख्याने झाय जमातीचे लोक राहतात. लाल फडक्याने डोकं बांधणाऱ्या ‘लाल दाओ’ जमातीचं ता फिन गाव दुसऱ्या दिशेला आहे. ‘दाओ’चा तिथला उच्चार ‘झाओ’ असा होतो. त्यांचं औषधी पाल्याच्या उकळलेल्या पाण्याचं लाकडी पिंपातलं स्नान चालून आल्यावर जरूर घ्या, पण रिकाम्या पोटी नको, भोवळ येते.

वाटेत ह्मोंग बायका सोबत चालू लागतात, उतारावर हात धरतात आणि शेवटी पाठीवरच्या टोपलीतून कापड काढतात. त्यात फसवणूक नाही, त्यांचा तो रोजगार आहे. घ्यायचं नसेल तर सुरुवातीलाच हसून, स्पष्ट सांगा. त्याहून चांगलं म्हणजे त्यांच्यापैकीच एकीला पैसे आधी ठरवून वाटाड्या म्हणून घ्या. मुलांकडून मात्र काही विकत घेऊ नका आणि त्यांना पैसेही देऊ नका. विक्री होते तोवर त्यांची शाळा बुडत राहते.

घरात आणि बाजारात

दारावर हिरवी फांदी टांगलेली दिसली तर आत जायचं नाही. ती मनाईची खूण असते. देवघराला हात लावू नका, फोटोआधी विचारा. शाकाहारी असाल तर ‘तोय आन चाय’ म्हणा, आणि माशाचा रस, म्हणजे ‘नुओक माम’, नको हेही सांगा. तो भाजीतही पडतो.

कापड पारखायला उलटं करून बघा. मेणाने नक्षी काढून निळीत पुन्हा पुन्हा बुडवलेलं अंबाडीसारख्या जाड धाग्याचं कापड दोन्ही बाजूंनी जवळपास सारखंच दिसतं. छापील असेल तर मागची बाजू फिकी असते. हाताच्या भरतकामात मागे गाठी आणि आडवेतिडवे धागे दिसतात. नवी नीळ रंग सोडते, म्हणून ते कापड वेगळ्या पिशवीत ठेवा आणि घरी वेगळं, थंड पाण्यात धुवा.

पैसे देताना २०,००० आणि ५,००,००० डोंगच्या नोटा नीट पाहा. दोन्ही निळ्या आहेत, संध्याकाळच्या उजेडात हमखास गल्लत होते.

फान्सिपान

३,१४७ मीटरच्या या शिखराजवळ २०१६ पासून सव्वासहा किलोमीटरची केबल कार जाते. वर सुमारे ६०० पायऱ्या आहेत. इतक्या झटकन उंची गाठल्यावर डोकं जड होतं, सावकाश चढा. तिकीट आगाऊ काढून ठेवू नका. त्या सकाळी माथ्यावर काय दिसतंय हे हॉटेलात विचारून मगच काढा. शहरात धुकं असलं तरी माथा ढगांच्या वर असू शकतो.

परतीचं विमान हनोईहून असेल तर आदल्या दिवशीच खाली उतरा. घाटात दरड आली की बस कधी पोहोचेल याचा भरवसा नसतो.