माळवदावरची माती उतरवताय? या चुका टाळा

सोलापूर जिल्ह्यातल्या गावांत मृगाच्या तोंडावर एक काम ठरलेलं असतं. पांढरी माती आणायची आणि माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, पसरायची. मागच्या पावसात जिथं गळलं, तिथं चार पाट्या जास्त. गळती थांबते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. जुनी माती मात्र कुणी खाली काढत नाही. इतकी वर्षं जुनी घरं बघून माझं मत पक्कं झालंय, की माळवद पावसानं पडतं असं आपण म्हणतो खरं, पण पाऊस फक्त शेवटचा भार टाकतो. बाकीचा आपणच टाकलेला असतो.

आमच्या मोहोळ तालुक्यातल्या घराचं माळवद हलकं करायला घेतलं, तेव्हा उजेडाच्या झरोक्यापाशी माती उभी कापून पाहिली. सव्वादोन फूट भरली. कापलेल्या बाजूला थर स्पष्ट दिसत होते. एक पांढरट, त्याखाली एक राखी, मध्येच कडब्याच्या काड्या, हिरव्या बांगडीचा तुकडा, आणि एका थरात मूठभर ज्वारी, कोळशासारखी काळी पडलेली. आजोबांनी आणि वडिलांनी घातलेलं एकेक वर्ष तिथं रचून ठेवलं होतं आणि त्याखाली आम्ही झोपत होतो.

याचं वजन काढून बघा. दहा बाय बाराच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे साधारण साडेतीन घनमीटर. कोरडी असताना पाच टनांच्या आसपास, पाणी पिऊन फुगली की सहाच्या वर. हिमाचलातल्या लाहौल-स्पितीतही मातीची सपाट छपरंच आहेत. तिथले लोक बर्फ पडला की लगेच छपरावर चढून तो खाली ढकलतात, साचू देत नाहीत. नुकता पडलेला भुसभुशीत बर्फ घनमीटरला शंभर किलोच्या आसपास असतो, मुरलेला ओला बर्फ तीन-चारशे किलो. आपली ओली माती अठराशे. ते लोक ज्या वजनाला भितात, त्याच्या चौपट-पाचपट वजन आपण बारा महिने डोक्यावर बाळगतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरती जाड मातीची छपरं, हेच त्या घरांचं दुखणं होतं. आपल्याकडची जुनी घरं त्याच बांधणीची आहेत.

पाऊस सुरू झाल्यावर काम काढणं

ओली माती जड असते, निसरडी असते, खोऱ्याला चिकटते. शिवाय भिजलेल्या लाकडावर चार माणसं चढवणं म्हणजे संकटाला बोलावणं. हे काम एप्रिल-मेचं. सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, म्हणून पहाटे सहाला सुरू करून दहाला खाली उतरायचं. उरलेलं दुसऱ्या दिवशी. मे हुकला तर दिवाळीनंतर करा. सप्टेंबर हा आपल्याकडचा सगळ्यात पावसाचा महिना, आणि परतीचा पाऊस कधीकधी ऑक्टोबरातही झोडपतो. १४ ऑक्टोबर २०२० चा पाऊस पंढरपूर-सोलापूरकडचं कुणी विसरलेलं नसेल.

खालून न बघता वर चढणं

आधी घरात उभं राहून वर बघा. तुळईला पोट आलंय का? किलचनांच्या, म्हणजे मातीखाली अंथरलेल्या लाकडी फळ्यांच्या, फटीतून माती झिरपते का? तुळईची भिंतीत गेलेली टोकं सगळ्यात आधी कुजतात, कारण ओल तिथं मुरते आणि वाळवीही तिथूनच शिरते. टोकापाशी स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. सहज आत गेला, किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर काम तिथंच थांबवा. जुन्या कामाची माहिती असलेला सुतार बोलवा, जमलं तर इंजिनिअरही.

तुळईखाली धिरे, म्हणजे टेकू, लावावे लागतात. इथं एक चूक फार होते. वाकलेली तुळई धिरा ठोकून सरळ करायला जातात. ती कित्येक वर्षांत हळूहळू वाकलेली असते, भिंतही तिच्याबरोबर बसलेली असते. जोर लावून उचललीत तर तुळई तरी चिरफळते, नाहीतर भिंत तरी. धिरा नुसता टेकवायचा, घट्ट बसेल इतकाच. त्याच्या बुडाशी जाड फळी ठेवा, नाहीतर जमिनीत रुततो.

आणि काम चालू असताना घरात कुणीही नको. सोप्यात आडवं झालेल्या म्हाताऱ्या माणसालाही शेजारी नेऊन बसवा. ‘मला काय होतंय’ असं ते म्हणतीलच, ऐकू नका.

एकच खण आधी रिकामा करणं

सर्वात धोक्याची चूक ही. माणसाला वाटतं, एक खण, म्हणजे दोन तुळयांमधला भाग, पूर्ण साफ करू, मग दुसरा. पण अशानं तुळईच्या एका अंगाचा भार जातो आणि दुसऱ्या अंगाचा तसाच राहतो. जुनी तुळई पीळ खाते, तिच्यावर आडव्या टाकलेल्या सरांची टोकं जागेवरून सरकतात. म्हणून सगळ्या माळवदावरून आधी चार बोटं जाडीचा थर काढायचा, मग पुन्हा पहिल्यापासून दुसरा थर. वेळ लागतो, पण छपराला धक्का बसत नाही.

काढलेली माती वरच ढिगानं ठेवू नका. खणाच्या मधोमध तर मुळीच नको, लाकूड तिथंच सगळ्यात जास्त वाकतं. भरेल तसं घमेलं खाली गेलं पाहिजे. एका खणावर दोनच माणसं, आणि तीही अंतर ठेवून. भरलेलं घमेलं वीस-पंचवीस किलोचं होतं आणि चार-पाच जण एका जागी रांगेनं उभे राहिले की माती उतरवण्याऐवजी भार वाढतो. तुळया कुठं आहेत ते खालून मोजून वर चुन्यानं खूण करा. चालणं त्याच रेघेवरून किंवा भिंतीवरून. मध्ये जायचंच असेल तर लांब फळी टाका.

कुदळ आणि पहार वर नेऊच नका. आम्ही नेली होती. एका घावात पहार किलचनातून आरपार गेली आणि खालच्या खोलीत उजेड पडला. खाली कुणी नव्हतं म्हणून निभावलं. खोऱ्यानं खरवडून निघते तेवढीच माती काढायची. घट्ट बसलेली असेल तर थोडं पाणी शिंपडून तासभर थांबायचं. हातमोजे आणि बूट घालाच, जुन्या मातीत विंचू असतात.

कडेचं भान न ठेवणं

बऱ्याच माळवदांना कठडा नसतो, आणि असला तर मातीचा, हात टेकला की सुटणारा. खोरं ओढत पाठमोरं चालणारा माणूस कडेवरून जातो. कडेपासून चार फुटांवर दोरी बांधून हद्द ठरवा आणि कडेचं काम खाली बसून, तोंड कडेकडे ठेवून करा. शिडी बारा फूट उंचीला टेकवायची असेल तर तिचा पाय भिंतीपासून तीन फूट असावा, वरचं टोक छपराच्या तीन फूट वर यावं आणि खाली एकानं धरलेली असावी. घरावरून विजेची तार गेली असेल तर काम संपेपर्यंत पुरवठा बंद करून घ्या.

माती वरून भिरकावून भिंतीलगत टाकू नका. तो ढीग पावसात भिजला की ओल भिंतीच्या बुडात शिरते, आणि छप्पर वाचवून भिंत घालवली असं होतं. पत्र्याची घसरण करून किंवा दोरीनं पाटी सोडून माती लांब उतरवा.

स्लॅब आहे म्हणून निर्धास्त राहणं

शहरात गच्चीचं पाणी जायचा पाइप पाला-प्लॅस्टिकनं तुंबतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर चार इंच पाणी म्हणजे नऊ टनांहून जास्त वजन. त्यात पाण्याच्या टाक्या, उरलेल्या विटा, शहाबादी फरशांचा चवडा. पाइपाचं तोंड मेअखेर साफ करून जाळी बसवा. तुंबलंच तर हातात काठी घेऊन कचरा बाजूला करा. कठड्याला भर पावसात घणानं भोक पाडू नका. गळतीवर दरवेळी नवा कोबा चढवणं ही तर माळवदावर माती चढवण्याचीच शहरी आवृत्ती आहे.

रात्री पावसात वर जाणं

मुसळधार पाऊस चालू असताना माळवदावर कुणीही चढू नये, झाकायला सुद्धा. ताडपत्री आधीच टाका, आणि तिच्यावरचे दगड भिंतीच्या माथ्यावर ठेवा, मध्ये नको. कडब्याची गंज माळवदावर असेल तर ती पावसाआधी उतरवा. भिजलेला कडबा किती जड होतो ते उचलणाऱ्याला विचारा.

लाकडाचा कडकड आवाज, छतातून अचानक वाढलेली मातीची धार, भिंतीला नवी चीर, एरवी सहज लागणारं दार अडकणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच क्षणी बाहेर पडा. जनावरं सोडा, पण दागिना, पेटी, कागद यासाठी परत आत शिरू नका. मग ११२ ला फोन करा. नुकसानीचे फोटो सकाळी पंचनाम्याआधी बाहेरूनच काढा.

सगळी माती काढून टाकणं

हलकं करायचं म्हणून लाकूड उघडं पाडू नका. पहिल्याच सरीत घर गळेल. आम्ही सहा-सात इंच माती ठेवली, त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद सांध्याला हातभर चढवून अंथरला आणि वर दोन-तीन इंच पांढरी माती पन्हळीकडे उतार देऊन चोपली. शेवटी पन्हळीच्या समोरच्या कोपऱ्यात बादलीभर पाणी ओतलं. बराचसा लोट पन्हळीतून पडला, तुळईच्या बाजूला मात्र हातभर डबकं राहिलं. तेवढी जागा पुन्हा खरवडली, पुन्हा चोपली आणि दुसरी बादली ओतली.