डिव्हिजन पाडायच्या आधी एवढं बघून घ्या

सिम बेसबॉल लीग (मॅच कॉम्प्युटर गेममध्ये पळतात, टीमचे मालक मात्र खरी माणसं) चालवताय आणि नव्या सीझनला डिव्हिजन, म्हणजे आपसात जास्त मॅच खेळणारे गट, पाडायचेत, तर पहिलं काम म्हणजे गेल्या सीझनचं टेबल बंद करून ठेवा. सवयीने सगळे तेच उघडतात, पहिला इकडे, दुसरा तिकडे, झालं वाटप. 2022 ची आयपीएल आठवा, दहा टीम झाल्या म्हणून दोन ग्रुप केले आणि क्रम लावला कोणी किती ट्रॉफ्या जिंकल्या, किती फायनल खेळल्या यावर, त्यामुळे पाच ट्रॉफ्यांची आपली मुंबई एका ग्रुपच्या डोक्यावर, चारवाली चेन्नई दुसऱ्याच्या, आणि लीग संपली तेव्हा चेन्नई नववी नि मुंबई दहावी. मेगा ऑक्शनमध्ये टीमच्या टीम बदलल्या होत्या आणि आपण मोजत होतो कपाटातल्या ट्रॉफ्या. आज कागदावर कोण आहे त्याचं सीडिंग, म्हणजे ताकदीप्रमाणे क्रम, करायचं, बाकी सगळं नंतर.

म्हणून आधी तारीख ठरवा. ट्रेड (टीममधली प्लेयरांची अदलाबदल) कधी बंद, रोस्टर (टीमची यादी) कधी लॉक, आणि त्यानंतरच रँकिंग. हे उलटं झालं तर काय होतं सांगतो, एखादा हुशार माणूस आपले दोन चांगले पिचर मायनरमध्ये, म्हणजे खालच्या राखीव टीममध्ये, टाकून ठेवतो, टीम दुबळी दिसते, सोपा डिव्हिजन मिळतो आणि ओपनिंग डेला दोघं हजर. त्यामुळे ताकद मोजताना मायनरसकट अख्खी चाळीस जणांची यादी धरा.

मोजायचं कसं? सोपा रस्ता म्हणजे बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यासक बिल जेम्स याचं पायथागोरसवालं गणित, केलेल्या रन्सचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या रन्सच्या वर्गांची बेरीज. समजा टीमने 780 रन्स केले, 700 दिले, तर विजयांचं प्रमाण येतं साधारण .554, म्हणजे सीझनच्या 162 मॅचमध्ये 90 विजय. तीच टीम प्रत्यक्षात 97 जिंकली असेल तर वरचे सात नशिबाचे, ते सीडिंगमध्ये धरू नका. पण हेही शेवटी गेल्या वर्षाचंच, आणि ट्रेड खूप झाले असतील तर निरुपयोगी. त्यापेक्षा मला आवडणारा उपाय म्हणजे लीगच्या फाइलची कॉपी काढायची, त्यात डिव्हिजन न ठेवता सगळ्यांना सगळ्यांशी सारख्याच मॅच द्यायच्या, दुखापती बंद करायच्या आणि तोच एक सीझन परत परत पळवायचा, दर वेळी मूळ कॉपीपासून. एकदा पळवून भागत नाही हां, 162 मॅचमध्ये निव्वळ नशिबानेच सहा-साडेसहा विजय इकडेतिकडे होतात. पंचवीस वेळा पळवून सरासरी काढली की तो फरक सव्वा-दीडवर येतो. रात्री लॅपटॉप चालू ठेवून झोपा. आणि हे आकडे सीझन संपेपर्यंत कोणाला दाखवू नका, तुमची स्वतःची टीम लीगमध्ये असेल तर हे काम टीम नसलेल्या कोणाला तरी द्या, कारण कोणता प्लेयर किती चालणार ही आतली बातमी झाली.

आता शेड्यूल. लोक हे शेवटी बघतात पण खरं तर सीडिंगवर किती डोकं फोडायचं ते इथेच ठरतं. मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली मुख्य बेसबॉल लीग) 2022 पर्यंत डिव्हिजनमधल्या प्रत्येक टीमशी 19 मॅच असायच्या, म्हणजे 162 पैकी 76, 2023 पासून त्या 13 वर आल्या, म्हणजे 52. सोळा टीम, चार-चारचे चार डिव्हिजन असतील तर मी डिव्हिजनमधल्या तिघांशी 18-18 आणि बाकी बाराजणांशी 9-9 ठेवीन, 54 अधिक 108, बरोबर 162, होम-अवेही 81-81 बसतं. यात तुमचे तीन शेजारी .500 ऐवजी .550 वाले निघाले तर फटका अडीच-तीन विजयांचा. त्याच शेजाऱ्यांशी 30-30 मॅच ठेवल्या तर साडेचार. वाइल्ड कार्ड (डिव्हिजन न जिंकता मिळणारी प्लेऑफची जागा) एका विजयाने हुकतं, त्यामुळे अडीच म्हणजे काहीच नाही असं म्हणू नका, पण त्यासाठी भांडणंही नकोत.

वाटप सापासारखं करायचं, एकदा पहिल्या डिव्हिजनकडून चौथ्याकडे, मग उलटं चौथ्याकडून पहिल्याकडे. पहिल्या डिव्हिजनला 1, 8, 9, 16, दुसऱ्याला 2, 7, 10, 15, तिसऱ्याला 3, 6, 11, 14 आणि चौथ्याला 4, 5, 12, 13. प्रत्येकाची बेरीज 34. छान दिसतं आणि इथेच बरेच जण थांबतात, पण नंबरची बेरीज म्हणजे ताकदीची बेरीज नव्हे. पहिली टीम 104 विजयांची आणि दुसरी 91 ची असेल तर पहिल्या डिव्हिजनमधल्या आठव्या आणि नवव्याने काय पाप केलं? शिवाय टीम स्वतःशी खेळत नाही, त्यामुळे डिव्हिजनची बेरीज सारखी असली तरी तगड्या टीमला शेजारी हलके मिळतात आणि दुबळ्याला जड. हे पूर्ण जात नाही. म्हणून प्रत्येक टीमसमोर तिच्या तीन शेजाऱ्यांची सरासरी लिहून काढा, जवळपास सारख्या ताकदीच्या टीममध्ये दोघांचा फरक डोळ्यात भरला तर शेजारच्या नंबरांची अदलाबदल करून बघा, 8 आणि 7 किंवा 9 आणि 10, त्याच्या पलीकडे हात लावू नका.

ज्यांचे मालक लाइनअपसुद्धा लावत नाहीत, सगळं ऑटोवर, अशा टीम वेगवेगळ्या डिव्हिजनमध्ये टाका. सोडून गेलेल्याची टीम नव्या माणसाने घेतली तर रँक टीमचा, माणसाचा नाही. आणि दादरवाले नि पार्लेवाले एकत्र हवेतच असा आग्रह असेल तर अशा जोड्या आधी लिहून मागा, जास्तीत जास्त दोन, त्या बसवून मग उरलेला साप. मेजर लीगमध्ये यांकीज आणि रेड सॉक्स एकत्र आहेत ते भूगोलाने, ताकदीने नाही, आणि त्याची किंमत पण आहे: 2015 मध्ये सगळ्यात जास्त विजयांचे तिन्ही संघ एकाच डिव्हिजनमध्ये होते, कार्डिनल्स 100, पायरेट्स 98, कब्ज 97, आणि 98 वाले पायरेट्स वाइल्ड कार्डची एकच मॅच हरून घरी. उलट 2005 मध्ये पॅड्रेज 82 जिंकून डिव्हिजन चॅम्पियन, 88 वाले फिलीज बाहेर. तेव्हा डिव्हिजन जिंकणाऱ्याला जागा पक्की द्या, पण प्लेऑफचा क्रम विजयांवरच लावा, आणि टाय झाला तर काय हेही आत्ताच लिहून ठेवा (आधी आपसातला रेकॉर्ड, मेजर लीग 2022 पासून जादा मॅच न घेता तसंच करते).

शेवटी कोणत्या गटाला कोणतं नाव ते चिठ्ठीने, सोसायटीच्या पार्किंगसारखं, सगळ्यांसमोर. व्हिडिओ कॉल रविवारी संध्याकाळी ठेवा, इतर दिवशी अर्धे जण लोकलमध्ये असतात आणि ठाण्यापुढे आवाज जातो. वाटपाची शीट टाकल्यावर हरकतीला दोन दिवस, हरकत आकड्यासकट, "मला वाटतं" चालणार नाही. मग शेड्यूल लोड करा आणि तीन सीझन डिव्हिजन बदलू नका.